नंबर कळून करणार काय?

मी पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरला बसतो. आधी टेक्निशियन होतो, रक्त काढायचो, मशीन लावायचो, आता रिपोर्ट देणं, फोन घेणं आणि होम कलेक्शनच्या पोरांना पत्ते समजावणं हेच जास्त. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते माझ्याच पोटावर पाय आणणारं आहे हे कळतंय मला, तरी लिहितो. कोविडची लस घेतल्यावर "अँटीबॉडी आल्या का", म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं रक्तात तयार झाली का, हे बघायची जी टेस्ट 2021 मध्ये लोकांनी रांगा लावून केली आणि जिच्यासाठी अजूनही अधूनमधून फोन येतात, ती नुसत्या धास्तीपोटी करण्यात काही अर्थ नाही असं माझं स्पष्ट मत आहे. फुकट करून मिळत असली तरी नाही. थोड्या लोकांना अशी टेस्ट खरंच लागते, त्यांच्यावर पुढे येतो, पण ते लोक वेगळे आणि रात्रभर झोप नाही म्हणून सकाळी सातला उपाशीपोटी शटरपाशी उभे राहणारे वेगळे. (या टेस्टला उपाशी राहायची गरजच नसते, पण येतात बिचारे.)

आता धास्ती खोटी होती असं मला अजिबात म्हणायचं नाही. ते दिवस आठवा ना. 16 जानेवारी 2021 ला लसीकरण सुरू झालं, 1 मार्चपासून साठीच्या पुढच्यांना, 1 एप्रिलपासून सरसकट 45 च्या पुढच्यांना, आणि नेमकी त्याच वेळी दुसरी लाट डोक्यावर येऊन आदळली. रेमडेसिवीरसाठी वणवण, ऑक्सिजनसाठी वणवण, ग्रुप उघडला की भावपूर्ण श्रद्धांजली. त्यात कोविशिल्डच्या दोन डोसांमधलं अंतर आधी 4 ते 6 आठवडे होतं, मग 6 ते 8 झालं, आणि मे महिन्यात एकदम 12 ते 16 आठवडे. अंतर वाढवलं की लस जास्त चांगलं काम करते याला आधार होता, पण बाहेर लशीचा ठणठणाट असताना ते ऐकून घ्यायला कोण तयार होणार, लोक म्हणाले माल नाही म्हणून तारखा पुढे ढकलतायत. म्हणजे एक डोस दंडात, दुसरा तीन-चार महिन्यांवर, आणि मधल्या काळात आपण सुरक्षित आहोत की नाही हे सांगणारं कोणी नाही. लखनौच्या एका गृहस्थांनी तर कोविशिल्डनंतर अँटीबॉडीच आल्या नाहीत म्हणून थेट पोलिसांत तक्रार दिली होती, तेव्हा बातमी फिरत होती सगळीकडे. माणूस घाबरला की त्याला हातात धरता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि रिपोर्टचा कागद हातात धरता येतो. एवढं मला समजतं. माझं भांडण त्या कागदावर जे छापून यायचं त्याच्याशी आहे.

पहिली गंमत म्हणजे कोणती टेस्ट केली हेच निम्म्या लोकांना माहीत नसायचं. कोविडच्या अँटीबॉडी टेस्ट ढोबळमानाने दोन जातीच्या. एक स्पाइकच्या विरोधातली, म्हणजे विषाणूच्या अंगावर जे काटे असतात त्याच्या विरोधातली अँटीबॉडी मोजणारी, आणि दुसरी न्यूक्लिओकॅप्सिडच्या, म्हणजे विषाणूच्या आतल्या प्रोटीनच्या विरोधातली. कोविशिल्डमध्ये शरीराला फक्त स्पाइक दाखवलेला असतो, त्यामुळे कोविशिल्ड घेतलेला आणि कोविड कधी न झालेला माणूस दुसऱ्या जातीची टेस्ट करेल तर ती निगेटिव्हच येणार, लस कितीही उत्तम लागू पडलेली असली तरी. कोव्हॅक्सिनचं वेगळं, त्यात अख्खा विषाणू मारून घातलेला असतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या अँटीबॉडी येऊ शकतात. पण सुरुवातीला बऱ्याच ठिकाणी जी टेस्ट हाताशी होती ती दुसऱ्या जातीची, कारण 2020 मध्ये ती "कोविड होऊन गेला का" हे बघायला आणली होती. तीच लोकांनी लशीनंतर केली. आणि मग "नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह" असा शिक्का बघून रडारड. एक बाई फोनवर म्हणाल्या, दादा मला पाणी टोचलं का हो. मी म्हटलं ताई, टेस्टचं पूर्ण नाव वाचून दाखवा, त्यांनी वाचलं, आणि मी कपाळाला हात लावला. त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. फोन ठेवताना म्हणाल्या, बरं मग ती दुसरी पण करून टाकते, कितीला आहे?

इथेच खरं तर सगळं आलं, पण नंबरांबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याच बिल्डिंगमधलं एक जोडपं, दोघं साठीच्या पुढचे, एकाच दिवशी एकाच केंद्रावर कोविशिल्डचे दोन्ही डोस घेतलेले. टेस्ट पण एकत्र केली. काकांचा रिपोर्ट 250 पेक्षा जास्त, काकूंचा 38. झालं. काकूंनी तो रिपोर्ट माझ्यासमोर टेबलावर पसरला, 38 च्या खाली लाल पेनाने रेघ मारलेली, आणि म्हणाल्या, "ह्यांना एवढ्या आणि मला एवढ्याशाच का रे? मी काय कमी खाते का?" काका शेजारी बसून बोर्डात आल्यासारखे हसतायत. ज्या किटवर हे केलं होतं त्याचा कटऑफ होता 0.8. म्हणजे 0.8 च्या वर गेलं की अँटीबॉडी आहेत एवढंच ते किट सांगतं, आणि काकू त्याच्या जवळजवळ पन्नास पट वर होत्या. पण रिपोर्टवर शेजारी 250 दिसत असताना हे कोण ऐकतंय. सोसायटीच्या ग्रुपवर तर दहावीचा निकाल लागल्यासारखं चाललेलं, कोणाचा किती आला, ज्याचा जास्त त्याला अंगठे आणि फुलं, ज्याचा कमी त्याला काढ्याच्या रेसिपी. काकूंनी प्रोटीन पावडर सुरू केली, सकाळी भिजवलेले बदाम सुरू केले, आणि आठवड्याभरात दुसऱ्या लॅबमध्ये जाऊन परत टेस्ट केली. तिथे आला 270 च्या आसपास. काकू खुश. बदाम लागू पडले!

बदाम वगैरे काही नाही. दुसऱ्या लॅबचं किट दुसऱ्या कंपनीचं होतं आणि त्याचं एकक वेगळं होतं. त्या किटचा कटऑफच मुळात 50. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2020 मध्ये सगळ्या किटांसाठी एक सामाईक मोजमाप ठरवून दिलं होतं, त्यात बसवायचं तर त्या दुसऱ्या कंपनीचा आकडा 0.142 ने गुणावा लागतो. 270 ला 0.142 ने गुणा, येतात 38. पहिल्या किटचा आकडा त्या मोजमापात जवळपास तसाच राहतो. (किट बदललं की इतकं चपखल नेहमी जुळतं असं नाही, काकूंचं जुळलं.) म्हणजे काकू जिथे होत्या तिथेच होत्या, फक्त दोनदा सुई टोचून घेतली आणि दोनदा पैसे भरले. मी हे त्यांना सांगितलं नाही तेव्हा, आणि सांगितलं नाही ते बरंच केलं, कारण आठवडाभर तरी बाई शांत झोपली असेल. पण हे समाधान कशावर उभं होतं बघा. एककांच्या घोळावर.

आणि काकांचे ते "250 पेक्षा जास्त" म्हणजे काय, तर मशीनची मोजायची हद्द तिथे संपली. सॅम्पल पातळ करून परत लावलं असतं तर 300 आला असता किंवा 3000 आला असता, कोणाला ठाऊक. त्या जोरावर काकांनी मास्क हनुवटीवर आणला आणि लग्नांना जायला लागले. 2021 च्या जूनमध्ये. नंबर कमी आला की काय होतं त्यावर सगळे बोलतात, जास्त आला की काय होतं त्यावर कोणी बोलत नाही.

बरं, नंबर अचूक आहे असं धरून चालू. तो नक्की सांगतो काय? रक्तात स्पाइकला चिकटणाऱ्या अँटीबॉडी इतक्या आहेत. बस. चिकटणाऱ्यांपैकी विषाणूला खरोखर निकामी करणाऱ्या किती हे ही टेस्ट थेट मोजत नाही. टी सेल, म्हणजे ज्या संसर्ग झालेल्या पेशी शोधून मारतात, त्यांचा यात हिशोबच नाही. मेमरी बी सेल, ज्या गरज पडली की परत भराभर अँटीबॉडी बनवतात, त्याही नाहीत. आणि टेस्टमधला स्पाइक होता वुहानच्या मूळ विषाणूचा, आपल्याकडे तेव्हा पसरत होता डेल्टा, आणि नोव्हेंबर 2021 मध्ये ओमिक्रॉन आला त्याने तर स्पाइकचा चेहराच बदलून टाकला. त्या लाटेत चांगले घसघशीत नंबर असलेले लोक आजारी पडले, आमच्या लॅबमध्येच पडले, सगळ्यांचे दोन-दोन डोस झालेले. आणि त्यातले बहुतेक जण आठवड्याभरात कामावर परत आले, ते त्या नंबरात न दिसणाऱ्या बाकीच्या फौजेमुळे.

प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरी बाजूही आहे. हजारो लोकांचा एकत्र अभ्यास केला तर ज्या गटात अँटीबॉडी जास्त त्या गटात संसर्ग कमी असं दिसतं, हे खरं आहे आणि संशोधकांनी ते 2021 मध्येच दाखवून दिलं होतं. त्यामुळे "अँटीबॉडीला काही किंमतच नाही" असं जे काही डॉक्टर तावातावाने बोलायचे ते बरोबर नव्हतं. पण गटाचा कल वेगळा आणि एका माणसासाठी रेघ वेगळी. अमुक आकड्याच्या वर तू सुरक्षित आणि खाली तू उघड्यावर, अशी रेघ कोविडसाठी कोणालाच मारता आली नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, 19 मे 2021 ला जाहीर सांगून टाकलं, लशीनंतर आपल्याला किती संरक्षण आहे हे ठरवायला अँटीबॉडी टेस्ट वापरू नका. आपल्याकडे त्याच महिन्यात टेस्टचा धंदा सगळ्यात जोरात होता.

आणखी एक. अँटीबॉडी उतरतात. कुठल्याही लशीनंतर वर जातात, मग काही महिन्यांत खाली येतात, हे शरीराचं नेहमीचं काम आहे, प्रत्येक लशीची आणि प्रत्येक आजाराची अँटीबॉडी कायम तुडुंब भरून ठेवली असती तर रक्त घट्ट चिखल झालं असतं. पण ज्याने पहिली टेस्ट केली त्याला तीन महिन्यांनी दुसरी करावीशी वाटतेच, आणि दुसरीत नंबर हमखास कमी येतो, आणि मग जी भीती कमी करायला टेस्ट केली ती दुप्पट होऊन घरी येते. आमच्याकडे सिस्टीममध्ये जुने रिपोर्ट दिसतात ना, एकाच माणसाचे ओळीने चार रिपोर्ट, प्रत्येक आधीच्यापेक्षा कमी. आणि शेवटच्या वेळी शेरा मारून घेतलेला, "पेशंटच्या आग्रहावरून पुन्हा तपासले".

म्हणून मी काउंटरवर एकच प्रश्न विचारायला लागलो. कमी आला तर काय करणार, आणि जास्त आला तर काय करणार? विचारून बघा, गंमत आहे. कमी आला तर मास्क लावीन, गर्दीत जाणार नाही, पुढचा डोस वेळेवर घेईन. बरं, जास्त आला तर? तरी मास्क लावीन, गर्दीत जाणार नाही, पुढचा डोस वेळेवर घेईन. मग टेस्ट कशाला? कारण नंबर कमी आला म्हणून आधी डोस मिळणार नव्हता आणि जास्त आला म्हणून चुकणार नव्हता. कोविनला तुमचा नंबर माहीतच नव्हता, त्याला फक्त तारीख माहीत होती. 10 जानेवारी 2022 पासून आरोग्य कर्मचारी, फ्रंटलाइनवाले आणि साठीच्या वरचे आजार असलेले यांना प्रिकॉशन, म्हणजे खबरदारीचा तिसरा डोस सुरू झाला तेव्हाही अट एकच, दुसऱ्या डोसला 9 महिने, म्हणजे 39 आठवडे झालेले पाहिजेत. पुढे ते 6 महिन्यांवर आणलं. रिपोर्ट घेऊन केंद्रावर भांडायला गेलेल्यांना सिस्टरने कागद परत देऊन पाठवलं, आणि सिस्टरचं काही चुकलं नाही.

यावर मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळतं ते असं, की अरे पैसे त्यांचे, रक्त त्यांचं, जीवाला समाधान मिळतंय तर तुझं काय जातं? आमच्याच लॅबच्या मॅडम, पॅथॉलॉजिस्ट, हुशार बाई, त्यांचं हेच मत होतं. आणि त्यांचं उदाहरण तगडं होतं. त्यांच्या ओळखीतल्या एक बाई वर्षभर घराबाहेर पडल्या नव्हत्या, भाजी धुऊन धुऊन हाताची सालं निघालेली, नातवाला कडेवर घेतलेलं नाही. रिपोर्ट चांगला आला आणि त्या दिवशी त्यांनी नातवाला घेतलं. मॅडम म्हणाल्या, आता सांग मला ही टेस्ट वाया गेली म्हणून.

मला लगेच उत्तर सुचलं नव्हतं. आजही असं वाटतं की त्या एका दिवसापुरती ती टेस्ट वाया गेली नाही. पण हात सोलवटून निघेपर्यंत भाजी धुणं हा लशीचा प्रश्न नाहीये हो, तो काळजीच्या आजाराचा प्रश्न आहे, आणि त्या आजारात खात्री करून घेणं हेच त्याचं खाद्य असतं. मानसोपचारवाले हे किती वर्षं सांगतायत, ज्याला गॅस बंद केला का म्हणून दहा वेळा बघायची सवय आहे त्याला अकराव्यांदा बघू दिल्याने बरं वाटतं ते पाच मिनिटं, आणि सवय मात्र आणखी घट्ट होते. त्या बाईंना नातवाला घेण्यासाठी रिपोर्ट लागला याचा अर्थ पुढच्या वेळीही रिपोर्ट लागणार. नवीन व्हेरियंट आला की परत. नंबर उतरला की परत. नातवाला सर्दी झाली की परत. आणि समजा त्या दिवशी नंबर 38 आला असता तर? मग मॅडमचं उदाहरण कोणी सांगितलंच नसतं. नाणं उडवून छापा पडला म्हणून नाणं चांगलं ठरत नाही.

याचा पुरावा पाहिजे तर एप्रिल 2024 ची अखेर आठवा. ब्रिटनमध्ये अ‍ॅस्ट्राझेनेकाने कोर्टाच्या कागदात मान्य केल्याची बातमी आली, की त्यांच्या लशीने फार क्वचित टीटीएस होऊ शकतो, म्हणजे रक्तात गुठळ्या आणि प्लेटलेट कमी. ती लस आणि आपली कोविशिल्ड एकच, फक्त इथे पुण्यात सीरममध्ये बनलेली. बातमी आली आणि दोन दिवसांत आमचे फोन वाजायला लागले, डी-डायमर करायची आहे, म्हणजे रक्तात गुठळ्या होतायत का याचा अंदाज देणारी टेस्ट. त्यात कोण होतं सांगू? 2021 मध्ये अँटीबॉडी बघायला आलेले तेच चेहरे. तेव्हा चिंता होती लस लागू पडली नाही, आता चिंता लस जास्तच लागू पडली. टीटीएस हा डोसनंतर साधारण चार दिवसांपासून सहा आठवड्यांच्या आत होणारा प्रकार, आणि तोही मुख्यतः पहिल्या डोसनंतर, त्यामुळे तीन वर्षांनी डी-डायमर करून त्याचं काहीही कळत नाही. वर डी-डायमर ही अशी टेस्ट आहे की वय वाढलं, साधं इन्फेक्शन असलं, पडल्यावर मार लागलेला असला तरी वर जाते. म्हणजे ज्यांची आली वाढलेली ते पुढे सीटी स्कॅन, सोनोग्राफी, कार्डिओलॉजिस्ट. एकाला तर मी हात जोडले, म्हटलं साहेब तुम्ही त्या वेळी कोव्हॅक्सिन घेतली होती, सर्टिफिकेट बघा. तरी म्हणाले, करून टाकू, टेन्शन नको. टेस्ट बदलली, टेन्शन तेच.

आता यात मी पेशंटला दोष देत नाही, देणार पण नाही. दोष आम्हा लोकांचा आहे. ओपीडीत साठ माणसं बसलेली असताना डॉक्टरला एका घाबरलेल्या माणसासोबत दहा मिनिटं बसण्यापेक्षा चिठ्ठीवर एक टेस्ट लिहिणं सोपं पडतं, पेशंट उठतो, पुढचा आत येतो. आणि आम्ही लॅबवाले तर काय, चिठ्ठी नसली तरी घेतोच. "पोस्ट व्हॅक्सिन प्रोफाइल", "इम्युनिटी पॅकेज", त्यात व्हिटॅमिन डी, बी ट्वेल्व्ह, सीआरपी आणि अँटीबॉडी, अमुक रुपयांत, घरी येऊन. फ्लायरवर ढालीचं चित्र. ते पॅकेज भीतीवरच चालायचं, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. काही लॅबनी रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात लिहिलं होतं की या आकड्यावरून संरक्षण ठरवू नये. अरे मग विकलंत कशाला? जे आकड्यावरून ठरत नाही ते ठरवायलाच तर माणूस आला होता.

कोणाला लागते मग? हेपटायटिस बी चं बघा, म्हणजे फरक लगेच कळेल. नर्सिंगच्या मुली, डीएमएलटीची म्हणजे लॅब टेक्निशियनचा कोर्स करणारी पोरं, डॉक्टर, ज्यांना रोज सुया हाताळायच्या आहेत, त्यांनी तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीची पातळी, तपासावा. इथे रेघ आहे, आणि ती पक्की आहे, 10. 10 च्या वर म्हणजे लस लागू पडली. 10 च्या खाली म्हणजे परत डोस द्यायचे, परत तपासायचं, आणि तरी नाहीच आलं तर तो माणूस नॉन-रिस्पॉन्डर म्हणून नोंदवून ठेवायचा, कारण उद्या त्याला पेशंटची सुई टोचली तर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडीचं इंजेक्शन, द्यावं लागणार. उत्तरावर काहीतरी ठरतं. आणि गंमत बघा, एकदा 10 च्या वर गेलेल्या धडधाकट माणसाचा टायटर काही वर्षांनी 10 च्या खाली आला तरी घाबरायचं कारण नसतं, कारण हेपटायटिस बी चा विषाणू शरीरात हळूहळू वाढतो, आजार दिसायला दीड ते सहा महिने लागतात, तेवढ्या वेळात मेमरी सेल जागे होऊन अँटीबॉडी परत तयार करतात. कोविडला इतका दम नसतो, तो चार-पाच दिवसांत नाकात घर करतो, म्हणून सर्दी-ताप होऊन जातो, पण फुप्फुसापर्यंत पोचायच्या आत बाकीची फौज आलेली असते. डायलिसिसवाल्यांचं मात्र वेगळं, त्यांची प्रतिकारशक्तीच ढेपाळलेली असते, त्यांचा हेपटायटिस बी चा टायटर दरवर्षी बघतात आणि उतरला तर बूस्टर देतात.

रेबीजचं तर याहून मजेशीर. त्याचीही रेघ आहे, 0.5, आणि रेबीजच्या लॅबमध्ये काम करणारे वगैरे आपला टायटर वेळोवेळी तपासून घेतात. पण आधी पूर्ण लस झालेल्या साध्या माणसाला कुत्रा चावला तर टायटरच्या रिपोर्टची वाट बघत बसतात का? नाही. सरळ दोन डोस, एक त्या दिवशी आणि दुसरा तीन दिवसांनी, नंबर काय असेल तो असो. ज्या रोगातून माणूस जवळजवळ वाचतच नाही, त्याच्या बाबतीत डॉक्टर नंबरात अडकत नाहीत, यातून काय समजायचं ते समजा.

कोविडमध्ये ज्यांना खरंच शंका घ्यायला जागा होती ते म्हणजे किडनी बदललेले, लिव्हर बदललेले, रिटक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेले, ब्लड कॅन्सरवाले. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अवयव बदललेल्या 658 जणांचा अभ्यास 2021 मध्ये छापला, त्यात एमआरएनए लशीचे (तिकडच्या फायझर, मॉडर्ना) दोन डोस होऊनही 46 टक्क्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडल्याच नाहीत. हे मोठं आहे. अशा माणसाच्या डॉक्टरला तो आकडा कळून उपयोग होऊ शकतो, औषधाच्या आणि डोसच्या वेळा जुळवता येतात, घरातल्या बाकीच्यांना आधी लस द्यायला सांगता येतं. पण तिथेसुद्धा, ऑगस्ट 2021 मध्ये अमेरिकेने या लोकांना तिसरा डोस मंजूर केला तो त्यांचा आजार आणि औषधं बघून. अँटीबॉडीचा रिपोर्ट आणा अशी अट त्यांनाही घातली नाही.

आणि या टेस्टचं जे खरं काम आहे ते तिने उत्तम केलं, ते सांगायला पाहिजे. जुलै 2020 मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत सिरो सर्व्हे झाला, झोपडपट्टीत 57 टक्के आणि बाहेरच्या वस्तीत 16 टक्के लोकांमध्ये अँटीबॉडी निघाल्या. त्या दोन आकड्यांनी शहराबद्दल जेवढं सांगितलं तेवढं कुठल्या भाषणाने सांगितलं नाही. संडास एक, नळ एक, खोली एक, तिथे अंतर कसलं ठेवता. पुढे आयसीएमआरने 2021 च्या जून-जुलैमध्ये देशभर केलेल्या चौथ्या सर्व्हेत 67.6 टक्के आलं. अशा ठिकाणी एखाद्याचा नंबर इकडेतिकडे झाला तर बिघडत नाही, कारण प्रश्न शहराबद्दल आहे, देशाबद्दल आहे. हेच हत्यार काकूंच्या दंडावर चालवलं की ते नुसतं घाबरवतं.

मग करायचं काय? बंदी वगैरे घाला असं मी म्हणत नाही, बंदी घातली की काळ्यात सुरू होतं. पण डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ही टेस्ट घेऊ नये, आणि चिठ्ठीवर कारण लिहिलेलं असावं. "भीती" हे कारण असेल तर डॉक्टरने तसं लिहावं, बघू किती जण लिहितात. पॅकेजमधून ती काढून टाकावी. रिपोर्टवर जी ओळ तळाला बारीक अक्षरात असते ती आकड्याच्या शेजारी, आकड्याएवढ्याच टायपात, मराठीत छापावी. शिवाय 2022 च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, हा नंबर किती लॅबमध्ये लावलेला दिसतो? आमच्याकडे मी लावलाय, वॉटर कूलरच्या वर, पॅकेजच्या पोस्टरच्या बाजूला जागा मागितली होती ती मिळाली नाही.

मालकांचं म्हणणं असं, की आपण नाही म्हटलं तर पेशंट समोरच्या लॅबमध्ये जाणार, टेस्ट व्हायची ती होणारच, फक्त बिल त्यांचं. हे खोटं नाहीये, समोरची लॅब खरंच आहे, रस्ता ओलांडला की. त्यामुळे एकट्या काउंटरवाल्याने प्रश्न विचारून हे थांबत नाही हे मला दिसतंय, सगळ्या लॅबना एकदम लागू होणारा नियमच लागेल. तोपर्यंत मी आपला विचारत राहतो, कमी आला तर काय करणार, जास्त आला तर काय करणार. काही चिडतात. काही जण विचार करून म्हणतात, जाऊ दे मग, शुगरची तेवढी करा, तीन महिने झाले केलेली नाही. शुगरची मी लगेच पावती फाडतो.